समेट कोणाच्या अटीवर?

मराठी बायबलात एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो : समेट. देवाने माणसाशी केलेला समेट, माणसाने माणसाशी करावयाचा समेट. इंग्रजीत ज्याला रिकन्सिलिएशन म्हणतात त्यासाठी मराठी ख्रिस्ती परंपरेने हा शब्द निवडला. शब्द चांगला आहे. पण आमच्यासारख्यांना तो बायबलातून कळलेला नाही, गावातून कळला आहे.

१९९८ साली मी आठ वर्षांची होते. हातपंपावरच्या भांडणावरून माझ्या चुलत्याला मारहाण झाली, हात मोडला. ॲट्रॉसिटीची फिर्याद झाली. पंधरा दिवसांनी मारुतीच्या पारावर बैठक बसली. माझ्या वडिलांना मानाने बोलावणे आले, चहा आला. त्या दिवशी कप वेगळे नव्हते. समेटाचा तेवढा एक फायदा. 'टाळी एका हातानं वाजत नाही', 'झालं गेलं गंगेला मिळालं', 'पुन्हा याच गावात राहायचंय ना?' असे सगळे बोलून झाल्यावर स्टँपपेपर पुढे सरकवण्यात आला. हा गुन्हा कायद्याने आपसात मिटवता येत नाही हे पारावरच्या सर्वांना ठाऊक होते. म्हणून कोर्टात आमचेच साक्षीदार फितूर झाले आणि खटला सुटला. त्या कागदावर 'समेटपत्र' असे लिहिले आहे. तो अजून वडिलांच्या ट्रंकेत आहे.

कॅनडातील चर्चेस आणि तेथील आदिवासी यांच्यातील समेटाविषयी मी गेली काही वर्षे वाचते आहे, ती या कागदामुळे. जे लोक माफी मागतात ते खरोखर काय मागतात, आणि ज्यांच्याकडे मागतात त्यांना 'नाही' म्हणण्याची मुभा असते का, हा माझा प्रश्न आहे.

आधी प्रकरण काय ते सांगितले पाहिजे. कॅनडात आदिवासी म्हणजे फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी असे तीन समूह. १८७६ सालच्या त्यांच्याविषयीच्या कायद्याचे नाव आजही 'इंडियन ॲक्ट' असेच आहे. कोलंबसाच्या चुकीमुळे आपले नाव त्यांच्या माथी बसले ते कायमचे. या कायद्याने हे लोक सरकारचे पाल्य ठरले. कोठे राहावे, जमीन कशी धरावी, सण कसे करावेत, हे सरकार ठरवू लागले. पश्चिम किनाऱ्यावरच्या जमातींचा 'पॉटलॅच' हा दान वाटण्याचा मोठा सोहळा १८८४ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरला, आणि ती बंदी १९५१ पर्यंत कायद्यात राहिली. जो समाज साठवण्यापेक्षा वाटून टाकण्यात प्रतिष्ठा मानतो त्याला सुसंस्कृत करण्याचा हा मार्ग!

१८७९ साली निकोलस डेव्हिन नावाच्या गृहस्थाने सरकारला अहवाल दिला. अमेरिकेतल्याप्रमाणे इंडियन मुलांना आईबापांपासून दूर, निवासी शाळांत ठेवावे, आणि त्या शाळा चर्चच्या हाती द्याव्यात, ही त्यातली शिफारस. सरकारला हे स्वस्त पडत होते आणि चर्चला आत्मे मिळत होते. कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन असे सगळे पुढे आले. शाळांपैकी सुमारे ६० टक्के कॅथलिकांच्या होत्या. पुढे १९२५ साली मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बहुसंख्य प्रेस्बिटेरियन मिळून युनायटेड चर्च ऑफ कॅनडा झाले आणि या शाळांचा वारसाही त्याच्याकडे आला. १९२० साली मुलांना शाळेत घालणे सक्तीचे झाले. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या.

शाळेत गेल्यावर पहिल्यांदा केस कापत. अंगावरचे कपडे काढून घेत. मूल आपल्या भाषेत बोलले की मार बसे. अर्धा दिवस शिक्षण, अर्धा दिवस शेतात, धोबीखान्यात काम. शाळांना अनुदान दरडोई मिळे, त्यामुळे पटावरचा आकडा टिकवण्यासाठी आजारी मुलेही भरली जात. पटसंख्येचे हे गणित आपल्याकडच्या अनुदानित शाळांतल्या लोकांना समजावून सांगायला नको. सरकारच्याच इंडियन खात्यातले डॉक्टर पीटर ब्राइस यांनी १९०७ साली पश्चिमेकडील ३५ शाळा तपासल्या. ज्या १,५३७ मुलांची माहिती मिळाली त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा मेलेली होती; जिथली नोंद पूर्ण होती अशा एका शाळेत तर माजी विद्यार्थ्यांपैकी ६९ टक्के. मुख्य कारण क्षय, आणि क्षयाला पोसणारी बंद हवा, गर्दी, उपासमार. अहवाल दाबला गेला नाही, वृत्तपत्रांतही आला. पण फरक काही पडला नाही. नोकरीतून बाहेर पडल्यावर ब्राइस यांनी १९२२ साली 'एका राष्ट्रीय गुन्ह्याची कहाणी' अशा अर्थाच्या नावाने पुस्तिका काढली, तरीही नाही. आज मृत मुलांच्या अधिकृत नोंदवहीत ४,००० हून अधिक नावे आहेत. मारहाण आणि लैंगिक अत्याचार यांच्या हकिकती वेगळ्या, आणि त्या हजारोंनी आहेत.

हे मी वर्गात सांगत होते तेव्हा एक विद्यार्थिनी उभी राहिली. नगर जिल्ह्यातली, ख्रिस्ती घरातली. तिचे खापरपणजोबा महारवाड्यातून मिशनच्या आवारात राहायला आले होते. ती म्हणाली, "मॅडम, मिशनच्या शाळेनंच तर आम्हाला माणसात आणलं. तिकडे तीच शाळा मुलांना मारते, असं कसं?"

प्रश्न तिचा एकटीचा नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ या काळात शिकले. जेथे पंतोजी सावलीही पडू देत नव्हता तेथे पाद्र्याने पाटी हातात दिली, हे आपण विसरू शकत नाही आणि विसरूही नये. मग चर्चची शाळा चांगली की वाईट? मला वाटते प्रश्न असा मांडणेच चुकीचे आहे. आपल्याकडे मुलाला शाळेबाहेर ठेवणे हा अन्याय होता, तिकडे मुलाला शाळेत कोंडणे हा. आपली माणसे शाळेच्या दारावर धडका देत होती. संध्याकाळी बहुतेक मुले आईच्या चुलीपाशी परत येत होती. तिकडे पोलीस घरी येऊन मूल घेऊन जात होते. आणि सर्वात मोठा फरक जमिनीचा. आपल्या गावकुसाबाहेरच्या लोकांकडे जमीनच नव्हती, त्यामुळे त्यांना पुसून टाकून कोणाला काही मिळणार नव्हते. आपल्या हातांची मात्र सर्वांना गरज होती. कॅनडात रेल्वे टाकायची होती, गहू पेरायचा होता, गोरी कुटुंबे वसवायची होती. त्यासाठी 'इंडियन' म्हणून कोणी उरता कामा नये होते. शाळा त्या कामाला लावली गेली आणि चर्चने ती आनंदाने चालवली.

मात्र मूळ कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. १४५५ साली पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला, आणि १४९३ साली पोप अलेक्झांडर सहावे यांनी स्पेनच्या राजाला, ख्रिस्तीतरांचे प्रदेश ताब्यात घेण्याचा हक्क आज्ञापत्रांनी दिला. यालाच पुढे 'शोधाचा सिद्धांत' म्हणू लागले : ख्रिस्ती दर्यावर्दीच्या नजरेस पडलेली भूमी जणू आधी कोणाची नव्हतीच. याच हक्काच्या बळावर पोर्तुगीज गोव्यात आणि वसईत आले. गोव्यात १५६० साली धर्मन्यायपीठ सुरू झाले आणि १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. आपली भाषा बोलल्याबद्दल मार खाणारे क्री जमातीचे मूल आणि ही तीन वर्षांची मुदत यांची मुळी एकच आहे.

आता माफीकडे येते.

१९८५ साली युनायटेड चर्चच्या कार्यकारी मंडळापुढे अल्बर्टा बिली नावाची ब्रिटिश कोलंबियातली आदिवासी स्त्री उभी राहिली आणि म्हणाली की चर्चने आमची माफी मागितली पाहिजे. ती चर्चचीच सभासद होती. हे नीट लक्षात घेतले पाहिजे, कारण आपण सहज एका बाजूला चर्च आणि दुसऱ्या बाजूला आदिवासी अशी मांडणी करतो. पुष्कळ आदिवासी तोवर तीन-चार पिढ्यांचे ख्रिस्ती होते. माफीची मागणी बाहेरून नव्हे, आतून आली.

पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९८६ रोजी (तारीख आपल्याला लक्षात राहण्यासारखी) सडबरी या गावी लॉरेन्शियन विद्यापीठाच्या आवारात चर्चची महासभा भरली होती. चर्चचे प्रमुख रॉबर्ट स्मिथ यांनी माफी मागितली. ती सभागृहाच्या व्यासपीठावरून मागितली नाही. बाहेर मोकळ्या जागेत आदिवासी मंडळी अग्नी पेटवून, तंबू उभारून वाट पाहत होती. तेथे जाऊन मागितली. मजकूर लहान आहे. आम्ही येण्यापूर्वी तुम्ही येथे होतात, तुमचे अध्यात्म खोल होते, ते आम्ही ऐकून घेतले नाही. पाश्चात्त्य राहणी आणि ख्रिस्ताची शिकवण यांची आम्ही गल्लत केली. त्यामुळे तुम्ही आणि आम्ही दोघेही गरीब झालो. क्षमा करा, अशा आशयाचा. निवासी शाळांचा त्यात उल्लेखही नाही.

वडीलधाऱ्यांनी ऐकून घेतले आणि सांगितले, आम्ही विचार करू. लगेच गळाभेट नाही, सही नाही. त्यांनी दोन वर्षे घेतली. १९८८ साली व्हिक्टोरिया येथील महासभेत उत्तर आले. एडिथ मेमनुक यांनी ते वाचले. माफी मागितल्याची दखल आम्ही घेतली आहे. ती स्वीकारलेली नाही. शब्दांमागे कृती येते का ते आम्ही पाहू.

सडबरीला त्या जागी दगडांचा एक ढीग रचला होता. असे ढीग स्मारक म्हणून रचतात. हा मात्र मुद्दाम अपुरा ठेवला. पुरा झाला तर काम संपले असा अर्थ होईल, म्हणून.

आपल्या साहित्यात 'नकार' या शब्दाला मोठे मोल आहे. पण सडबरीच्या उत्तराला मी नुसता नकार म्हणणार नाही. नकारात दार लागते. येथे दार उघडे राहिले आणि उंबरठ्यावर कोणी किती वेळ उभे राहायचे हे ठरवण्याचा हक्क पहिल्यांदाच घरच्यांकडे आला. स्टँपपेपर यावेळी दुसऱ्याच बाजूच्या हातात होता. मी हे वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "मग सही केली का न्हाई त्यांनी?" मी म्हटले, नाही, ऐकलं म्हणाले, मान्य केलं असं नाही म्हणाले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "असं बी सांगता येतं व्हय."

दखल घेऊन थांबलेल्या लोकांनी पुढे काय पाहिले? प्रथम चर्चमध्येच आदिवासींची स्वतंत्र परिषद स्थापन झालेली पाहिली. १९९२ साली स्टॅन मॅकाय हे क्री जमातीचे, स्वतः निवासी शाळेत वाढलेले पाद्री चर्चचे प्रमुख झाले. पण शाळांविषयी चर्च बोलेना. कारण साधे होते. वकिलांचा सल्ला असा की कबुली दिली तर ती कोर्टात पुरावा होईल. पश्चात्तापाच्या आड पापी माणसाचा वकील येतो, हे काही बायबलात नाही. जून १९९८ मध्ये पोर्ट अल्बर्नीच्या शाळेतील अत्याचारांबद्दल न्यायालयाने सरकार आणि युनायटेड चर्च या दोघांनाही जबाबदार धरले. ऑक्टोबरमध्ये प्रमुख बिल फिप्स यांनी शाळांबद्दल दुसरी माफी मागितली. पहिल्या माफीपेक्षा मला ही महत्त्वाची वाटते, कारण तीत अत्याचार सोसलेल्यांना उद्देशून स्पष्ट म्हटले आहे की तुमची काहीही चूक नव्हती. टाळी एका हाताने वाजत नाही, हे तत्त्वज्ञान ज्यांनी पारावर बसून ऐकले आहे त्यांनाच या वाक्याचे वजन कळेल. माफीसाठी बारा वर्षे आणि एक कोर्टाचा निकाल लागला, हेही विसरू नये.

इतर चर्चेसचे वेगवेगळे झाले. अँग्लिकन प्रमुख मायकेल पीअर्स यांनी १९९३ साली मिनाकी येथे माफी मागितली आणि तेथील वडीलधाऱ्यांच्या वतीने व्हाय स्मिथ यांनी दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारली. म्हणजे स्वीकारणारेही होते. त्यांना कमी लेखण्याचा आपल्याला अधिकार नाही. प्रेस्बिटेरियनांनी १९९४ साली कबुली दिली.

कॅथलिक चर्च सर्वात मागे राहिले. त्याचे म्हणणे असे की कॅनडात 'कॅथलिक चर्च' अशी एक कायदेशीर संस्थाच नाही. शाळा वेगवेगळ्या संघांनी आणि धर्मप्रांतांनी चालवल्या. २००६ साली शाळांतून वाचलेल्यांच्या दाव्यांवर मोठी तडजोड झाली. सरकारने प्रत्येकाला पहिल्या वर्षाचे १० हजार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे ३ हजार डॉलर द्यायचे, आणि चर्चेसनी आपापला वाटा उचलायचा असे ठरले. कॅथलिक संस्थांनी इतर रकमांबरोबर अडीच कोटी डॉलर वर्गणीतून जमवण्याचा 'शक्य तितका प्रयत्न' करायचा होता. जमले चाळीस लाखांपेक्षाही कमी. २०१५ साली न्यायालयीन निकालाने त्या उरलेल्या जबाबदारीतूनही सुटका झाली. करारात 'शक्य तितका प्रयत्न' हे शब्द कोणी घातले असतील त्याला गावच्या पारावर बसायला हरकत नाही.

याच तडजोडीतून सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. मरे सिंक्लेअर हे आदिवासी न्यायाधीश त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने २०१५ पर्यंत हजारो साक्षी ऐकल्या, जे घडले त्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले आणि ९४ शिफारशी केल्या. त्यांतली ५८ वी अशी की पोपने वर्षभरात कॅनडाच्या भूमीवर येऊन माफी मागावी. आयोगाच्या नावात 'सत्य' हा शब्द 'समेट'च्या आधी आहे. पारावर हा क्रम उलटा असतो. तेथे सत्य गिळून टाकण्यासाठीच समेट भरवतात.

वर्ष उलटले, आणखी पाच गेली. मे २०२१ मध्ये कॅम्लूप्स येथील जुन्या शाळेच्या आवारात जमिनीचा वेध घेणाऱ्या रडारने सुमारे २०० संभाव्य कबरी दाखवल्या. तेथे उत्खनन झालेले नाही, आणि रडारला दिसलेल्या खुणा म्हणजे सापडलेले मृतदेह नव्हेत. त्याचा फायदा घेऊन सगळेच खोटे म्हणणारेही निघाले आहेत. पण मुले मेली, शाळेच्याच आवारात पुरली गेली, पुष्कळदा आईबापांना कळवलेही नाही, हे रडारवर अवलंबून नाही. ते जुन्या दप्तरांत आणि आयोगापुढच्या साक्षींत आहे.

२५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस अल्बर्टातील मास्क्वासिस येथे आले, जेथे पूर्वी एक मोठी निवासी शाळा होती. चाकाच्या खुर्चीतून ते दफनभूमीत गेले. त्यांनी माफी मागितली. स्वतः शाळेत वाढलेले विल्टन लिटलचाइल्ड यांनी त्यांच्या डोक्यावर पिसांचा मुकुट ठेवला. पुष्कळ म्हातारी माणसे रडली. काहींना तो मुकुट पाहवला नाही. कार्यक्रमात नाव नसलेली एक क्री स्त्री उठली आणि आपल्या भाषेत गाऊ लागली, डोळ्यांतून पाणी वाहत होते. ज्या भाषेसाठी मार बसत होता त्याच भाषेत, पोपच्या समोर. सिंक्लेअर यांनी दुसऱ्या दिवशी नेमके बोट ठेवले : पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी वाईट केले असे पोप म्हणाले; संस्था म्हणून चर्चने केले असे म्हणाले नाहीत. 'काही समाजकंटकांनी' हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक निवेदनात असते. गाव नेहमी निर्दोष असते.

मार्च २०२३ मध्ये व्हॅटिकनने 'शोधाचा सिद्धांत' नाकारला. तो कधीच कॅथलिक श्रद्धेचा भाग नव्हता आणि जुन्या आज्ञापत्रांचा राजसत्तांनी गैरवापर केला, असे निवेदन निघाले. आज्ञापत्रे मात्र रीतसर रद्द केली नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी व्हॅटिकनच्या संग्रहातील ६२ आदिवासी वस्तू परत दिल्या. संग्रहाचा मोठा भाग १९२५ च्या मिशनरी प्रदर्शनासाठी रोमला नेलेला. त्यात इन्युव्हियालुइट लोकांची कायाक होडीही होती. वस्तू कॅनडाच्या बिशपांकडे सोपवल्या आणि त्याला 'भेट' म्हटले. ज्याची वस्तू त्याला देताना भेट म्हणायचे! तरीही होडी घरी आली, ही गोष्ट खरीच आहे.

आपल्या चर्चेसबद्दलही दोन शब्द. धर्मांतराने अस्पृश्याची स्थिती बदलत नाही, जात चर्चच्या आत येऊन बसते, हे बाबासाहेबांनी सविस्तर लिहून ठेवले आहे. तमिळ प्रदेशात दलित ख्रिस्तींना वेगळी दफनभूमी, वेगळी बाके ही कालपरवापर्यंतची गोष्ट आहे. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे मान्य केले. अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले ते ऑगस्ट २०२२ मध्ये. परंतु धोरण हे वरून खाली येते. त्याला उत्तराची गरज नसते. दगड रचून बाजूला उभे राहायचे आणि समोरचा काय म्हणतो याची दोन वर्षे वाट पाहायची, हे धोरणात बसत नाही. हे मी केवळ चर्चला उद्देशून म्हणते असे नाही. ज्यांच्या पूर्वजांनी आमच्या पूर्वजांना पाणी नाकारले त्यांच्यापैकी कोणी सडबरीसारखे आमच्या वस्तीत येऊन उभे राहिलेले मी पाहिलेले नाही. आमच्याकडे सहभोजने झाली, समरसतेचे मेळावे झाले. त्यांत आम्ही पाहुणे असतो, आणि पाहुण्याला अट घालता येत नाही.

त्या विद्यार्थिनीने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मिशनच्या आवारातल्या म्हाताऱ्या बायांच्या मुलाखती घेतल्या. पहिली मुलाखत तिच्या आजीची. मिशनमध्ये आल्यावर काय सोडावे लागले, असे विचारल्यावर आजी म्हणाली, "काय न्हाई बाई, चांगलंच केलं त्यांनी." दुसऱ्या दिवशी आजीने तिला हाक मारून जवळ बसवले आणि जात्यावरच्या सात ओव्या सांगितल्या. तिच्या सासूच्या ओव्या. आवारात त्या कोणी म्हणत नसे. मिशनने बंद केल्या की पिठाच्या गिरणीने, ते आजीला सांगता आले नाही. मुलीने त्या वहीत उतरवून घेतल्या आहेत. आठवी अर्धीच आठवली, तिच्यापुढे तिने जागा मोकळी सोडली आहे.